खुराड्याची कडी

परवा शाळेतून घरी येताना माझ्या स्कूटीपुढं उसाची ट्रॉली होती. कारखाने सुरू झाले की आमच्या बारामती-इंदापूर भागात हे ठरलेलंच. पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली, मधे आपण. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, कारण ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःची गाणी त्याहून मोठ्यानं लावलेली असतात. एरवी मी चडफडते. परवा मात्र गतिरोधकावर ट्रॉली उसळली, वर टाकलेली वाढ्याची एक पेंढी खाली पडली आणि मी स्कूटी बाजूला घेतली. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणीवाल्या बाया तो छाटून पेंढ्या बांधतात आणि थंडीचे चार महिने गावोगावची जनावरं त्याच्यावर निघतात. पेंढी उचलताना पान बोटाला कापलंच. त्याला धार असते हे मी विसरले होते. पण तो गोडसर, ओला वास काही विसरले नव्हते.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथं वाढं घालणार कुणाला? तरी ती पेंढी पायाशी ठेवून घरी आणली. पार्किंगमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, गाय घेतली का काय?" मी काहीच बोलले नाही. न बोलण्यात माझा हात कुणी धरायचा नाही, ते पुढं कळेलच.

वाढ्याचे दिवस आले की मला सात वर्षांपूर्वीचा अंथुर्ण्याचा, म्हणजे माझ्या सासरचा हिवाळा आठवतो आणि डोकं फिरतं. यंदा जरा जास्तच फिरलंय, कारण आमच्या भाऊजींनी फाट्यावर फलक लावलाय. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दत्तात्रय. फलकावर लिहिलंय, ‘आईचा गोठा. एकाच अंगणात सगळे प्राणी! या, बघा, अनुभवा.’ खाली माझ्या सासूबाईंचा फोटो, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर कोकरू. ते कोकरू आमचं नव्हे. शेजारच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती, त्यांच्याकडून फोटोपुरतं मागून आणलेलं. ज्या अंगणात सात वर्षं एक कोंबडी नव्हती, त्या अंगणाच्या नावानं हा फलक, आणि ज्या माणसानं ते अंगण मोकळं केलं, तोच खाली ‘संचालक’! आता याला काय म्हणायचं?

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. मी मूळची बारामतीची. वडील कचेरीत नोकरीला, मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्नाआधी गाईला हात लावला तो वसुबारसेला कुंकू लावण्यापुरता. आणि लग्न होऊन आले ती या मळ्यातल्या वस्तीवर. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीपुढं लिंबाचं झाड, आणि झाडाखाली अख्खं गाव नांदावं तशी जनावरं. एक गावठी गाय, तिचं नाव हरणी. एक म्हैस. सहा शेळ्या. बावीस कोंबड्या. कुणीतरी ‘असू द्या’ म्हणून दिलेली दोन बदकं. आणि कुत्रा, त्याचं नाव सरपंच. तो बरोबर मधोमध पसरायचा आणि गाईपासून कोंबडीपर्यंत सगळे त्याला वळसा घालून जायचे, काम मात्र तो काही करायचा नाही, म्हणून ते नाव.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला हौदाच्या काठावर आत्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. जाऊबाई बाळंतपणाला माहेरी. भाऊजींना लोणी देवकरच्या कंपनीत शिफ्ट. मग उरलं कोण? मी. आम्ही दोघं तोवर नोकरीसाठी बारामतीला राहायला गेलो होतो. यांना तिथं मेसचा डबा लावून दिला आणि मी वस्तीवर राहायला आले. सकाळी जनावरं, मग स्कूटीवरून शाळा, परत येऊन पुन्हा जनावरं. आत्या प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून लिंबाखाली बाजेवर बसायच्या आणि तोंडानं मला चालवायच्या.

"आदी कोंबड्या सोड. गाय उठायच्या आत."

"आधी का? आधी धार काढू की."

"का म्हंजी? सोड आन् बग. समदं पुस्तकात आसतंय व्हय?"

सोडल्या. धुकं होतं, कॅनॉलच्या बाजूनं येतं तसलं दाट. हरणी बसून रवंथ करत होती, नाकातून वाफा निघत होत्या. बांबूच्या डालग्याखालून सुटलेल्या कोंबड्या इकडंतिकडं न बघता थेट तिच्याकडं गेल्या. आणि ती गाय, तुम्हाला सांगते, तिनं मान लांब केली, जमिनीवर टेकवली आणि कान वर उचलून धरला. एक करड्या पिसांची कोंबडी पुढं झाली आणि कानामागची गोचीड उपटून खाल्ली. मग गळ्याखालची. मग मांडीतली. हरणीनं डोळे मिटले होते. मी धारेची चरवी हातात घेऊन उभीच राहिले. आत्या बाजेवरून म्हणाल्या, "पैलं तिचं न्हाणं-धुणं, मग आपला चा. आता घे धार, कशी गप ऱ्हाती बग."

असा सगळ्याला एक क्रम होता, आणि तो कुठं लिहिलेला नव्हता. वाढं आधी गाई-म्हशीपुढं. त्यांनी खाऊन टाकलेली चघाळ शेळ्यांपुढं, म्हणजे त्या पानाच्या कडा निवडून खात. शेळ्यांनी टाकलेलं उकिरड्यावर, तिथं कोंबड्या उकरायला तयार. हौदाचं सांडलेलं पाणी साचायचं तिथं बदकं. वाया काही जायचं नाही. सकाळी सातपर्यंत अंगणात प्रत्येकाचं पोट भरलेलं असायचं आणि माझ्या अंगाला शेळीचा, म्हशीचा, शेणाचा असा एकत्र वास यायचा. स्टाफरूममध्ये बाया खिडकी उघडायच्या. मीही पहिले दहा दिवस साबण दोनदा लावला, नंतर सोडून दिलं.

मार्गशीर्षात शेजारच्या तोडलेल्या रानात धनगर मेंढरं घेऊन बसले. चार दिवसांनी निघताना त्यांनी पाय मोडलेली एक मेंढी आत्यांकडं ठेवली. "म्हातारे, जगली तर तुजी," म्हणाले. ती आली आणि अंगणात बोंबाबोंब. सरपंच आयुष्यात पहिल्यांदा उठून उभा राहिला आणि गुरगुरला. म्हशीनं तिला ढुसणी दिली. शेळ्या एका बाजूला जाऊन नाक फेंदारून बघत बसल्या. मला वाटलं, हिला वेगळीच बांधावी लागणार.

आत्यांनी खुंटीवरून जुन्या लुगड्याचं फडकं काढायला लावलं. "म्हशीची पाट पूस. आता गाईची मान. शेळ्यांच्या कानामागं पूस. सरपंचाला पूस. आता ह्या पावणीला चोळ. चांगली चोळ, भ्यायचं काय त्यात!" मी चोळली. संध्याकाळीही चोळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेंढी म्हशीच्या पोटाशी टेकून बसलेली, आणि म्हशीला त्याचं काहीच नाही.

"कुनीबी नवं आलं की आदी घरचा वास द्यायचा," आत्या म्हणाल्या. "तुला न्हवता का दिला?"

"मला? कधी?"

"लगीन झाल्यावर आठ दिस माझंच लुगडं न्हेसायला दिलं का न्हाय?"

मला त्या वेळी वाटलं होतं, माझ्या साड्या भारी, शेणात खराब होतील म्हणून. मी इतकी हसले की चरवीतलं दूध सांडलं. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. म्हणूनच जास्त चीड येते.

कारण त्याच हिवाळ्यात भाऊजींनी सल्लागार आणला. गाडीतून उतरला, डोळ्याला काळा चष्मा, नाकाला रुमाल. अंगणात चार पावलं चालला आणि म्हणाला, "ही खिचडी आहे. शास्त्रीय पशुपालनात असं चालत नाही. याचा रोग त्याला, त्याचा याला. जात एक, जागा एक, हिशेब सरळ." ‘खिचडी’ हा शब्द त्याला फार आवडला असावा, तीन वेळा म्हणाला. त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. रोग पसरतात, लस द्यावी लागते, हे मलाही कळतं. पण त्यानं एकदाही आत्यांना विचारलं नाही की बाई, तुमची जनावरं गेल्या वीस वर्षांत किती आजारी पडली? रुमाल नाकावरून काढला तो फक्त चहा प्यायला. चहातलं दूध हरणीचं होतं, ते बरं चाललं!

आणि मान डोलावणाऱ्यांत पहिली कोण? मीच. एम.एस्सी. झालेली सून. आत्यांना मीच बाजेशेजारी बसून संसर्ग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तू म्हनतीस तर आसंल."

पंधरा दिवसांत अंगणाची वाटणी झाली. भावकीत होते तशी, फक्त मोजणीदार तेवढा आला नाही. गाय-म्हैस घरामागं सिमेंटच्या नव्या गोठ्यात. शेळ्या फळ्यांच्या माचावर. मेंढी एकटी कुडाच्या खोपीत, ती दिवसभर ओरडायची. बदकं पाहुण्यांकडं पाठवली. आणि कोंबड्यांना पडवीच्या टोकाला जाळीचं खुराडं, लोखंडी दार, दाराला कडी. सरपंच रिकाम्या अंगणात मधोमध पडून राहायचा, पण आता त्याला वळसा घालायला कुणी नव्हतं.

व्हायचं तेच झालं. महिना गेला नाही तोवर हरणीच्या गळ्याला, कानामागं, आचळाजवळ गोचिड्या लोंबायला लागल्या, एरंडाच्या बियांएवढ्या फुगलेल्या. ती भिंतीला अंग घासून रक्त काढायची. भाऊजींनी सल्लागाराला फोन केला, त्यानं औषध सांगितलं. एका संध्याकाळी भाऊजींनी पंपानं गाय-म्हैस दोन्ही फवारून काढली आणि मला म्हणाले, "वैनी, इखारी औषद हाय. तीन दिस कोंबड्या सोडायच्या न्हाईत. आईलाबी सांगून ठिवा." मी आत्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पहिल्या शिफ्टला गेलेले. आत्या आत चुलीपाशी. मी शाळेला निघाले तर त्या जाळीत बावीस कोंबड्या दाराशी दाटून एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. कोंबडा जाळीवर छाती आपटत होता. मला बघवेना. मी विचार केला, औषध गाईला मारलंय, गाय घरामागं, इथून चांगली चाळीस पावलं, मधे भिंत. कोंबड्या तिथवर कशाला जातील? इथंच उकरतील थोडा वेळ, आत्या बघतील. कडी मी काढली. काढली आणि स्कूटीला किक मारून निघून गेले. आत्यांना हाक मारून सांगायचंही मला सुचलं नाही, शाळेला उशीर होत होता.

त्या दिवशी सातवीच्या वर्गावर मी अन्नसाखळी शिकवली. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप. बाण काढले. विचारलं, "यातल्या एकाला विष दिलं तर काय होईल?" पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, आणि मी त्यांना शाब्बास म्हणाले. सांगायची लाज वाटते, पण हे असंच घडलं.

कोंबड्यांना गाय माहीत होती हो! एका महिन्यात त्या विसरतील असं मला का वाटलं? संध्याकाळी आले तेव्हा सिमेंटच्या गोठ्यात अठरा कोंबड्या पडल्या होत्या. काही हरणीच्या पायाशी, काही गव्हाणीत. ती करडी तिच्या मानेखाली होती आणि हरणी तिला नाकानं ढकलत होती, ऊठ म्हणून. भाऊजी कंपनीच्या कपड्यांवरच उभे, आणि आवाज फाट्यापर्यंत.

"आई, तूच सोडल्यास! वैनी साळंत, मी कंपनीत, घरात दुसरं हायच कोन? डाव्या हातानं कडी काढाया येती तुला. सांगितलं व्हतं का न्हवतं?"

आत्या गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आधी कोंबड्यांकडं बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडं, मग माझ्याकडं. बराच वेळ माझ्याकडं. मी मूग गिळून उभी. मग त्या म्हणाल्या, "सोडल्या आसतील मीच."

काय वाटलं मला त्या क्षणी? सुटले असं वाटलं. आणि पाठोपाठ वाटलं, केवढं हे मन! म्हातारीला कळलंय की मीच सोडल्या, पण सुनेला दिराकडून बोल बसू नये म्हणून तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. ती नजर म्हणजे ‘गप ऱ्हा, मी हाय’ अशी होती, असं मी धरून चालले. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर सात वर्षं मी आत्यांचे पाय चेपले, दर दिवाळीला लुगडं नेलं, आणि मनातल्या मनात आमच्या दोघींच्या या गुपिताचं कौतुक करत राहिले. स्टाफरूममध्ये नाव न सांगता ही गोष्ट मी एकदा सांगितलीसुद्धा, मोठ्या मनाच्या सासूची म्हणून. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आठ दिवसांत आत्या म्हणाल्या, "इकून टाका समदं. माज्याच्यानं न्हाय व्हायचं आता." शेळ्या गेल्या, म्हैस गेली. हरणी लासुर्ण्याच्या नात्यात दिली. मेंढीला पुढल्या हंगामात धनगर घेऊन गेले, ती बांधापर्यंत जाऊन दोनदा परत आली होती. सल्लागाराच्या सांगण्यावरून नव्या गोठ्यात परदेशी गाई आल्या, दोन वर्षं टिकल्या, गेल्या. आता तिथं ठिबकच्या नळ्या पडल्यात. सरपंच म्हातारा होऊन मेला. मी सगळा राग भाऊजींवर आणि त्या चष्मेवाल्यावर काढला. यांच्यापाशी, बहिणीपाशी, फोनवर, जेवताना. "म्हातारीचं अंगण खाल्लं यांनी," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आमचे हे ताटावरून मान वर करत नाहीत.

आत्या बदलल्या, ते मात्र मी वयावर घातलं. कडी लावायच्या, चार पावलं जायच्या, परत येऊन कडी बघायच्या. "गॅस बंद केला का बग गं," दहा वेळा. पदराला गाठी, एका वेळी तीन-तीन, काय काय ध्यानात ठेवायचं त्याच्या. जाऊबाई बाळ घेऊन आल्या तेव्हा आत्यांनी नातवाला एकदाही न्हाऊ घातलं नाही, मांडीवर घेतलं नाही. "मला नगं, मला नगं," म्हणत मागं सरायच्या. जाऊबाई अजून ते बोलून दाखवतात. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, स्मरण ठणठणीत आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा बरं. आत्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

आणि आता यंदाचं ऐका. दिवाळीनंतर भाऊजींनी मला बारामतीत एका सभागृहात प्रशिक्षणाला नेलं. "वैनी, तुमी सायन्सच्या, तुमाला पटंल." व्यासपीठावर कोण? तोच! चष्मा आता साधा झालाय, केस पिकलेत. पडद्यावर मोठं वर्तुळ, त्यात गाय, शेळी, कोंबडी, बदक, आणि एकमेकांकडं जाणारे बाण. म्हणतो, "मित्रांनो, एकच जात पाळणं ही जुनी चूक आहे. कोंबडी हा गोचिडीवरचा नैसर्गिक उपाय आहे." टाळ्या! लोक वहीत उतरवून घेत होते. माझी कानशिलं तापली. उठावं आणि विचारावं, साहेब, आमच्या अंगणात येऊन जिला खिचडी म्हणालात ती हीच ना? की तुमच्या पडद्यावर आली की तिची बिर्याणी होते? पण उठले नाही. शेजारी भाऊजी मन लावून टाळ्या वाजवत होते.

त्यांनी मग एका दिवसात टेंपोनं सगळं आणून ओतलं. दोन गाई, आठ शेळ्या, चार मेंढ्या, बदकं, कोंबड्या, एक टर्कीसुद्धा. संध्याकाळपर्यंत अंगणाची रणभूमी. गाय शेळ्यांना लाथा झाडतीय, टर्की कोंबड्यांच्या मागं, एका बदकाची मान रक्ताळलेली, मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरतायत. भाऊजी आत्यांकडं धावले. "आई, सांग की गं कसं ठिवायचं. तू ठिवत हुतीस की समदी गुण्यागोविंदानं."

आत्या बाजेवर बसून होत्या. "मला न्हाय ध्यानात," म्हणाल्या.

मला काय आनंद झाला! बरी जिरवली, म्हटलं. अंगण मोडलंत तेव्हा विचारलंत का? आता भोगा.

गेल्या रविवारी उद्घाटन. पुण्याहून चार गाड्या आलेल्या, पोरंबाळं, आज्या, हातात फोन. अंगणात जनावरं दोर्‍यांनी लांब लांब बांधून ठेवलेली, ‘एकाच अंगणात’! आत्यांना हार घालून खुर्चीवर बसवलं होतं. भाऊजींनी माइक घेतला, रंगात आले, आणि म्हणाले, "आमच्या मातोश्रींचं जनावरांवर लई प्रेम. पन यकदा काय झालं, इखारी फवारनी केल्याली, आन् म्हातारीनं इसरून कोंबड्याच सोडल्या की! यका दिसात अठरा कोंबड्या खलास!" लोक हसले. अशी हसण्यासारखी गोष्ट नाही ती, पण माइकवर सांगितली की लोक हसतात. आत्याही हसल्या. हसता हसता खाली मान घालून त्यांनी पदराला एक गाठ मारली.

त्या गाठीनं माझं काय झालं कोण जाणे. मी उठले. "त्यांनी नाही सोडल्या. कडी मी काढली होती," म्हणाले. माइक नव्हता, पण ऐकू गेलं सगळ्यांना.

"वैनी, चेष्टा करताय व्हय?" भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यांनी पाहुण्यांना घाईघाईनं पिठलं-भाकरीकडं वळवलं.

आत्या खुर्चीवरून उठल्या आणि लिंबाकडं गेल्या. मी मागोमाग. आता माझ्या खांद्यावर हात ठेवतील, असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही तेव्हा माझ्यासाठी अंगावर घेतलंत. आज मला राहवलं नाही."

"काय घेतलं अंगावर?"

"तुम्हाला माहीत होतं ना, मीच सोडल्या ते."

"मला कुटनं म्हायती?" त्या माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघताना बघितलं नव्हतं. "आसतील म्हनले मी. मला आटवंना, म्हनून आसतील म्हनले. तुज्याकडं बगितलं, म्हनलं ही तर सोडनार न्हाय. शिकल्याली. हिनंच तर मला सांगितलं, सोडू नगा. तू गप. मग ऱ्हायलं कोन? मीच."

मी बाजेच्या कडेला टेकले.

"सात वर्सं, वैशाली! सात वर्सं मला वाटतंय, माजं डोस्कं गेलं. शेळ्या का इकल्या? उद्या त्येस्नी काय बी खाया घालीन आन् ध्यानात ऱ्हायचं न्हाय. नातवाला पान्यात धरला न्हाय म्या. हातातनं सोडला आन् इसरून गेले, तर? पोरगं माज्याकडं यायचं, मी भ्यायची. आन् तू माजं पाय चेपत हुतीस व्हय गं?"

मी रडायला लागले. त्यांनी "रडू नगंस" म्हटलं नाही. का म्हणावं त्यांनी?

पदराच्या गाठी त्यांनी एकेक करून सोडल्या, शेवटची दातानं. मग आत गेल्या आणि जुनं लुगडं फाडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या फडकं घेऊनच. पहिल्या गाईची मान पुसली, मग दुसरीची. शेळ्या पुसल्या, कानामागं, गळ्याखाली. मेंढ्या चोळल्या. रक्ताळलेलं बदक काखेत धरून हळू पुसलं. पिठलं खाऊन आलेली मंडळी फोन धरून भोवती जमायला लागली, तशा कडाडल्या, "फोन खाली ठिवा! जनावर बुजतंय." भाऊजींनी मुकाट्यानं सगळ्यांना मागं सरकवलं. मग त्यांनाही हुकूम झाला, "दत्ता, ते दोर सोड. आसं बांधून कुनी नांदतंय व्हय? आन् मोटी मान्सं बाजूला व्हा, माज्या नातवाला म्होरं येऊ द्या." सात वर्षांचं पोरगं पुढं आलं. त्यांनी त्याचा हात धरून फडक्यावर ठेवला.

ऊन उतरलं तशा कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरल्या. तेच जाळीचं खुराडं, तेच लोखंडी दार. मी त्याच्याच शेजारी उभी होते. आत्या आल्या, मोडून जुळलेल्या हातानं कडी लावली आणि माझ्या अंगावरून पुढं निघून गेल्या. मागं वळून बघितलं नाही त्यांनी. कडीकडंही नाही, आणि माझ्याकडंही नाही.